अकरा ते चौदा मिनिटं

१९१३ साली केंब्रिज विद्यापीठाने परदेशी लोकांसाठी इंग्रजीची एक परीक्षा सुरू केली. आपापल्या देशात इंग्रजी शिकवू पाहणाऱ्यांसाठी ती होती, आणि तिचा एकूण पसारा बारा तासांचा होता. भाषांतर, व्याकरण, ध्वनिशास्त्र, साहित्य, निबंध, श्रुतलेखन, मोठ्याने वाचन आणि संभाषण. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. १९३० च्या सुमाराला वर्षाकाठी जेमतेम पंधराएक उमेदवार येत होते, तेव्हा ती बंदच करून टाकावी असं घाटत होतं. ती बंद पडली नाही. तिच्याच कुळात पुढे, ब्रिटिश कौन्सिल आणि ऑस्ट्रेलियन विद्यापीठांची संस्था आयडीपी यांच्या भागीदारीतून, १९८९ साली आयईएलटीएस जन्मली, शिकायला वा कामाला परदेशी जाऊ पाहणाऱ्यांच्या इंग्रजीची परीक्षा. २०१८ मध्ये ही परीक्षा जगभरात पस्तीस लाख वेळा दिली गेली.

या परीक्षेची वाटचाल मी कोलशेतहून सांगते आहे, कारण ती इथे माझ्या क्लासात रोज संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसते. कोलशेत म्हणजे ठाण्यातलं, खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं गाव. मग तिथे सँडोज, पुढचं क्लॅरियंट, आणि बायर हे कारखाने आले. आता त्यांच्याच जमिनींवर टॉवर उभे आहेत. गावठाणातला मुलगा, कारखान्यात आयुष्य काढलेल्या कामगाराची नात, टॉवरमधला सॉफ्टवेअर इंजिनीयर आणि डोंबिवलीहून गाडी बदलत येणारी नर्स, हे सगळे एका बाकावर बसतात. वाचनाच्या चाळीस प्रश्नांची धास्ती त्यांतल्या फारशा कोणाला नसते. निबंधाची असते, पण ती सरावाने जाते. खरी भीती असते ती बंद खोलीत अनोळखी परीक्षकासमोर बसून बोलायच्या अकरा ते चौदा मिनिटांची. सगळ्या परीक्षेतला हा सर्वांत छोटा भाग. तरीही पदवीधर, हुशार, कामात वाकबगार माणसं त्याच्या आदल्या रात्री झोपत नाहीत.

हा भाग परीक्षेत कसा आला, का आला आणि आजच्या आकाराला कसा पोचला, हे कळलं की तयारीची दिशा बदलते, असा माझा अनुभव आहे. शिवाय ही गोष्ट आपल्या शाळांबद्दलही बरंच काही सांगून जाते.

इंग्रजीच्या जोरावर उंबरठा ओलांडायची परीक्षा आपल्याकडे केंब्रिजच्याही आधीची आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, आणि त्याची पहिली मॅट्रिक १८५९ ची. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात या दोघांसोबत वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये इंग्रज प्राध्यापकांशी या मंडळींचा रोजचा संबंध होता, म्हणून त्यांचं इंग्रजी तोंडातही होतं आणि लेखणीतही. पुढे मॅट्रिकला बसणाऱ्यांची संख्या हजारांवर गेली, तेव्हा तो संबंध उरला नाही. गावोगावच्या शाळांत इंग्रजी पोचलं ते पुस्तकातून, आणि त्या पुस्तकांत सर्वांत दीर्घायुषी ठरली द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठी वाक्य घ्या, इंग्रजी करा. इंग्रजी घ्या, मराठी करा. पिढ्यान् पिढ्या मराठी माणूस यावर वाढला. ती पुस्तकं मी आजही मुलांना वाचायला देते, कारण वाक्याची घडण त्यांच्याइतकी स्वच्छ फार थोड्या पुस्तकांत सापडते. पण त्या पद्धतीत वाक्य पुस्तकातून वहीत जायचं आणि वहीतून गुरुजींच्या लाल शाईकडे. तोंडावाटे ते क्वचितच बाहेर पडायचं. मनात मराठी, मग भाषांतर, मग काळाची आणि वचनाची तपासणी आणि मग उच्चार: ही चार पायऱ्यांची सवय आजच्या पस्तिशीतल्या इंजिनीयरच्याही अंगात मुरलेली मला दिसते. लिहिताना ती चालते. बोलताना समोरचा माणूस तेवढं थांबत नाही.

मॅट्रिकच्या त्या सुरुवातीच्या काळात, ठाण्याच्या याच परिसरातल्या एका मुलीने मात्र इंग्रजी वेगळ्या वाटेने मिळवलं. कल्याणची यमुना जोशी, लग्नानंतरची आनंदीबाई. नवव्या वर्षी तिचं लग्न गोपाळराव जोशींशी झालं. गोपाळराव टपाल खात्यात होते. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत गेल्या आणि शिक्षण त्या बदल्यांमधूनच कसंबसं चालू राहिलं. कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र लिहिलं. वाइल्डरने तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलेल्या असताना वाचला, आणि कधीही न पाहिलेल्या त्या हिंदुस्थानी मुलीला पत्र धाडलं. आनंदीबाईंनी उत्तर दिलं. मग वर्षानुवर्षं ही पत्रं चालू राहिली: सण, स्वयंपाक, चालीरीती, आजारपण, बायकांची अवस्था. घडलेलं सांगायचं, विचारलं त्याला उत्तर द्यायचं, आणि उलट आपणही विचारायचं. भाषांतरासाठी दिलेलं वाक्य तिथे नव्हतं. सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते ऐकू इच्छिणारं खरं माणूस होतं.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई इंग्रजीत बोलायला उभ्या राहिल्या. अठरावं वर्ष पुरं व्हायला महिनाभर बाकी होता. मी अमेरिकेला का जाते, हा विषय. त्यांना लोक रस्त्यात, घरात, टोमण्यातून जे प्रश्न विचारत होते तेच सहा प्रश्न त्यांनी भाषणासाठी घेतले. इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परतल्यावर जात वाळीत टाकेल त्याचं काय? संकट ओढवलं तर? आजवर कोणा बाईने केलं नाही ते तूच का करतेस? एकेक प्रश्न उचलून त्यांनी त्याचं उत्तर दिलं. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट सुटली, मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची एम.डी. पदवी हाती आली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. वयाची बावीस वर्षंही पूर्ण न होता त्या गेल्या.

सेरामपूरचं भाषण मी दर तुकडीला वाचायला लावते. आजच्या बोलण्याच्या चाचणीच्या तिसऱ्या, चर्चेच्या भागात परीक्षक असेच उलटसुलट प्रश्न विचारतो: असं का, तसं झालं तर काय, पूर्वी कसं होतं, दुसऱ्या बाजूचं म्हणणं काय. कल्याणच्या त्या मुलीकडे ना क्लास होता, ना ध्वनिफिती. आपल्याच आयुष्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ती देत होती, म्हणून तिची भाषा अडखळली नाही.

केंब्रिजकडे परत येऊ. तिथली परीक्षा तगली ती बरीचशी जॅक रोच या अधिकाऱ्यामुळे. १९३० नंतर त्याने तिचा अभ्यासक्रम सुटसुटीत केला आणि ती फक्त भावी शिक्षकांपुरती राहू दिली नाही. रोचला एक प्रश्न सतत छळत होता. तोंडी परीक्षेत एकाच मुलाला दोन परीक्षकांनी ऐकलं तर दोघांचे गुण जुळतील का? १९४५ मध्ये त्याने तोंडी परीक्षांच्या अडचणींवर सविस्तर अहवाल लिहिला. परीक्षकांना एकत्र बसवून, एकाच उमेदवाराला ऐकवून, मोजपट्टी सारखी करण्याचे प्रयोग त्याने केले. आज आपण ज्याला परीक्षकांचं प्रशिक्षण म्हणतो त्याचं बीज तिथे आहे. बोलणं मोजायला अवघड आहे म्हणून ते परीक्षेतून काढून टाकायचं, ही सोपी वाट त्याने घेतली नाही.

ती सोपी वाट घेणारे पुढे पुष्कळ निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला शिकायला जाणाऱ्यांची रीघ लागली. ब्रिटिश कौन्सिलचं काम भारतात १९४८ मध्ये सुरू झालं होतं. विद्यार्थ्याला इंग्रजी कितपत येतं हे सुरुवातीला कौन्सिलचे अधिकारी त्याच्याशी बोलून, आपल्या अंदाजाने लिहीत. हे मोघम वाटल्याने साठच्या दशकात ॲलन डेव्हिस यांनी तयार केलेली चाचणी लागू झाली. तिच्यात ऐकणं आणि वाचणं होतं, पर्यायांवर खुणा करायच्या होत्या; बोलणं नव्हतं, लिहिणंही नव्हतं. अमेरिकेची टोफेल १९६४ ची. तिच्या मुख्य परीक्षेत बोलण्याचा भाग सक्तीचा झाला तो थेट २००५ मध्ये, इंटरनेटवरची आवृत्ती आल्यावर. म्हणजे चाळीस वर्षं माणसं अमेरिकी विद्यापीठांत इंग्रजीच्या प्रमाणपत्रासह दाखल होत होती आणि मुख्य परीक्षेत त्यांना कोणी एक वाक्य बोलून दाखव म्हटलं नव्हतं. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी मराठी इंजिनीयरांनी पहिल्या सत्रात वर्गात तोंड न उघडल्याच्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांचं मूळ इथेही आहे.

१९८० साली कौन्सिल आणि केंब्रिज यांनी मिळून ईएलटीएस आणली आणि दिशा बदलली. भाषेचं ज्ञान किती, यापेक्षा भाषेने काम काय करता येतं हे पाहायचं, असा तिच्यामागचा विचार होता. जीवशास्त्र, समाजशास्त्रं, भौतिक शास्त्रं, तंत्रशास्त्र, वैद्यक आणि सर्वसाधारण असे विषयवार विभाग केले, आणि त्यात समोरासमोरची मुलाखत आली. विचार उत्तम, पण चालवायला फार किचकट परीक्षा होती; १९८१ मध्ये चार हजार आणि १९८५ मध्ये दहा हजार उमेदवार, एवढीच तिची मजल गेली. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियनांना बरोबर घेऊन आयईएलटीएस आली तेव्हा विषयांचे विभाग तीनवर आले आणि १९९५ मध्ये तेही मिटले. त्या वर्षी उमेदवार होते त्रेचाळीस हजार. २००७ मध्ये बारा महिन्यांत दहा लाखांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला गेला.

बोलण्याच्या चाचणीला आजचा आकार मिळाला २००१ मध्ये, आणि त्यातली एक गोष्ट प्रत्येक परीक्षार्थ्याने नीट समजून घ्यावी. तोवर परीक्षक आपल्या मनाने प्रश्न विचारी. एखादा हसरा, मदत करणारा, एखादा तुसडा. त्या वर्षापासून परीक्षकाच्या हाती ठरलेली संहिता आली: कोणता प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा, कुठे थांबवायचं, किती वेळ द्यायचा. पहिली चार-पाच मिनिटं घर, काम, आवडीनिवडी. मग एका कार्डावरचा विषय, एक मिनिट विचाराला आणि एक ते दोन मिनिटं सलग बोलायला. शेवटची चार-पाच मिनिटं त्याच विषयाच्या अंगाने चर्चा. परीक्षक मधेच तोडतो, मान हलवत नाही, तुमच्या विनोदावर हसत नाही, म्हणून मुलं हिरमुसून बाहेर येतात आणि आपण आपटलो असं धरून चालतात. तो फक्त प्रत्येकाला सारखी संधी देत असतो. रोचने १९४५ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे.

गुण चार गोष्टींना, सारख्या वजनाने: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरणाचा आवाका व अचूकपणा, आणि उच्चार. २००७ पासून बोलण्याला साडेसहासारखे अर्धे गुणही मिळू लागले. २००८ मध्ये उच्चारांची मोजपट्टीही चार पायऱ्यांवरून नऊ पायऱ्यांची, बारीक केली गेली. साहेबासारखा लहेजा कोणी मागत नाही. समोरच्याला कष्ट न पडता कळलं पाहिजे, एवढीच अपेक्षा. मराठी बोलणाऱ्यांची गाडी इथे कुठे अडते ते मी इतकी वर्षं ऐकत आले आहे. ऱ्हस्व-दीर्घातला फरक आपण बोलताना सैल ठेवतो, म्हणून इंग्रजीतलं जहाज आणि मेंढी आपल्या तोंडी एकच होतात. ओठ दातांना लावून काढायचा व आणि ओठ गोल करून काढायचा व आपल्याला वेगळे ऐकूच येत नाहीत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आघात. मराठीत आपण शब्दाच्या प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखं वजन देतो. इंग्रजीत एकाच अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. ‘डेव्हलप’ म्हणताना जोर मधल्या अक्षरावर, ‘हॉटेल’ म्हणताना शेवटच्या. हे सुधारायला परदेशी मालिका पाहण्यापेक्षा फोनवर स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं टिपून, ते शब्दशः लिहून काढणं जास्त उपयोगी पडतं. पहिल्यांदा ऐकताना सगळ्यांनाच संकोच वाटतो. आठवड्याभरात संकोच जातो आणि कान तयार होतो.

बोलण्याची ही चाचणी तिकडे आकार घेत होती, त्या काळात आपल्या शाळांत काय चाललं होतं? स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवलं. ६ जानेवारी १९५४ च्या आदेशाने इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत, ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांच्याखेरीज इतर भारतीय मुलांना नवे प्रवेश देण्यावर बंदी घातली. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षी न्यायालयाने ही बंदी रद्द केली. कालांतराने इंग्रजी पुन्हा पाचवीवर आलं. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजीचा निर्णय घेतला. त्यावर केवढा गदारोळ झाला! मराठीचं काय होणार, ही चिंता रास्त होती आणि आजही आहे. पण जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांतल्या मुलांना जी गोष्ट पैसेवाल्यांची मुलं विकत घेत होती ती फुकट मिळाली पाहिजे, हा त्या निर्णयामागचा हेतू मला पटतो. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आता तिशीला आली आहेत. त्यांतली काही माझ्या बाकावर असतात. त्यांचं वाचन आधीच्या पिढीपेक्षा निश्चित चांगलं आहे. बोलणं मात्र तिथेच आहे, कारण पहिलीपासून आलं ते पाठ्यपुस्तक आणि प्रश्नोत्तरं. वर्गातला आवाज बहुतेक वेळ शिक्षकांचाच राहिला.

दहावीला भाषा विषयांत वीस गुणांची तोंडी परीक्षा शाळेतच घेतली जायची. शाळा सढळ हाताने गुण देतात म्हणून २०१८-१९ मध्ये मंडळाने ती बंद केली. २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला, आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी तोंडी परत आली. या सगळ्या चर्चेत टक्केवारी होती, अकरावीचे प्रवेश होते, इतर मंडळांशी तुलना होती. मुलं बोलतात का, हा प्रश्न जवळपास कोणी विचारला नाही. केंब्रिजमध्ये एक माणूस तोंडी गुण खरे कसे होतील याचा ध्यास घेऊन बसला होता. आपल्याकडे ते गुण ठेवायचे की काढायचे, एवढाच वाद झाला.

शाळेने सोडलेली जागा बाजाराने भरली. कपिल देवच्या जाहिरातीमुळे घरोघरी पोचलेली रॅपिडेक्सची पुस्तकं आली, मग स्टेशनाबाहेरचे स्पोकन इंग्लिशचे क्लास, आता फोनवरची ॲप. परीक्षाही बाजाराच्या झाल्या, आणि जिथे पैसा आणि व्हिसा एकत्र येतात तिथे लबाडी येतेच. २०१४ च्या फेब्रुवारीत बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने व्हिसासाठी चालणाऱ्या टोइक या इंग्रजीच्या परीक्षेच्या लंडनमधल्या केंद्रांतले गैरप्रकार दाखवले: एकाच्या जागी दुसरा बोलतो आहे, उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली जात आहेत. मग ब्रिटनमध्ये झालेल्या सुमारे ५८ हजार चाचण्यांपैकी ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या गेल्या. हजारोंचे व्हिसा गेले, शिक्षण अर्धवट राहिलं. त्यात मोठी संख्या भारतीय उपखंडातल्या मुलांची होती, आणि ज्यांनी प्रामाणिकपणे परीक्षा दिली होती अशांनाही आपलं निर्दोषपण सिद्ध करायला वर्षानुवर्षं कोर्टात झगडावं लागलं. आज केंद्रावर फोटो आणि बोटांचे ठसे घेतात तेव्हा मुलं कुरकुरतात. मी त्यांना ही हकिगत सांगते.

आयईएलटीएस भारतात ब्रिटिश कौन्सिल आणि आयडीपी दोघंही घेत. २०२१ मध्ये आयडीपीने कौन्सिलचा इथला आयईएलटीएसचा व्यवसाय १३ कोटी पौंडांना विकत घेतला, आणि तेव्हापासून इथे ही परीक्षा एकच संस्था घेते. आयडीपी आज ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे आणि परदेशी विद्यापीठांत विद्यार्थी पाठवण्याचं कामही तीच करते. प्रवेश मिळवून देणारा आणि परीक्षा घेणारा एकच असावा, हे मला बरं वाटत नाही. परीक्षेचे गुण केंब्रिजच्या कसोट्यांवर ठरतात हे खरं; तरीही हजारो रुपयांचं शुल्क, दोन वर्षांत संपणारी गुणपत्रिका आणि पुन्हा बसायचं तर पुन्हा पैसे, हा भार कोणत्या घरावर पडतो ते कोलशेतमध्ये बसून स्पष्ट दिसतं. एकाच भागात गुण कमी पडले तर तेवढाच भाग पुन्हा देता येण्याची सोय अलीकडे आली आहे, तिचं मी मनापासून स्वागत करते.

नर्सेसची गोष्ट वेगळी आणि थोडी आशेची. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएसच्या सगळ्या भागांत सात गुण लागत; २०१८ च्या अखेरीस लेखनाची अट साडेसहावर आली. त्याआधी, २०१७ मध्ये, ओईटी ही आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची परीक्षा तिने मान्य केली. ओईटी मूळची ऑस्ट्रेलियातली, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची. तिच्यात बोलायचं म्हणजे समोरचा माणूस रुग्ण किंवा नातेवाईक होतो आणि नर्सने त्याला धीर द्यायचा, औषध समजावायचं, प्रश्न विचारायचे, असे पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग. ज्या मुली नगरविकासावर दोन मिनिटं बोलताना घामाघूम होतात, त्याच ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाबरलेल्या पेशंटशी किती सहज बोलतात! वॉर्डात हे त्यांनी रोज केलेलं असतं.

कार्डावरच्या विषयांचंही तसंच आहे. पाण्याजवळच्या एखाद्या ठिकाणाबद्दल सांगा, असा विषय सरावाला दिला की दहापैकी आठ जण मरीन ड्राइव्ह सांगतात, तेही कुठल्यातरी तयार उत्तरातलं: क्वीन्स नेकलेस, गार वारा, मनःशांती. परीक्षकाने ते शेकडो वेळा ऐकलेलं असतं, आणि पाठ केलेलं ओळखायला त्याला शिकवलेलंही असतं. आपल्या खाडीबद्दल सांग, म्हटलं की गावठाणातली मुलगी आधी संकोचते. खाडीवर काय सांगायचं, मॅडम? मग सांगू लागते. आजी ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या कशा धरायची, निवट्या चिखलावर कशा उड्या मारतात, कारखाने आले तेव्हा मासळी कशी घटली, आता विसर्जनाच्या दिवशी घाटावर किती गर्दी होते. चिंबोरीच्या बिळाला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला ठाऊक नसतं. ती म्हणते, चिखलातलं छोटं भोक, ज्यात ती राहते. नेमका शब्द नसताना वळसा घालून अर्थ पोचवणं हे कौशल्य शब्दसंपदेच्या निकषांत स्पष्ट लिहिलेलं आहे आणि त्याला गुण आहेत. दोन मिनिटं संपली तरी तिचं संपत नाही. तिसऱ्या भागात कोणी विचारलं की शहरं वाढताना पाण्याच्या जागांचं काय करावं, तर तिच्याइतकं अधिकाराने बोलणारं कोण आहे?

पाठांतर सोडवणं हे माझं निम्मं काम झालं आहे. घरच्यांना वाटतं, महिन्याभराच्या क्लासात साडेसहा-सात गुण यावेत. परीक्षेची रचना, वेळ, चुकीच्या सवयी एवढंच महिन्यात होतं. ओघ यायला त्याहून खूप जास्त दिवस रोज बोलावं लागतं, आणि माणसाशी बोलावं लागतं. मी जोड्या लावून देते. कापूरबावडीहून कोलशेतला चालत येताना दोघांनी इंग्रजीत बोलायचं, चूक झाली तरी थांबायचं नाही. तिसऱ्याने फोन लावून ऐकायचं. कोणी हसलं तर हसू द्यायचं.

आता यंत्रही ऐकू लागलं आहे. पीटीई आणि डुओलिंगो या परीक्षांमध्ये बोलण्याचे गुण मुख्यतः संगणक ठरवतो. टोफेलने जानेवारी २०२६ पासून परीक्षेचा साचा बदलून गुणपत्रिका १ ते ६ अशी केली आहे. निकाल लवकर मिळतो, काही ठिकाणी शुल्कही कमी आहे, आणि माणसासमोर फारच बुजणाऱ्यांना ते सोयीचं पडतं. तरी ज्याला पुढे वॉर्डात, वर्गात, दुकानात माणसांशीच बोलायचं आहे, त्याने तयारी माणसासमोरच करावी असं मी सांगते, परीक्षा कोणतीही निवडली तरी.

माझं एक मागणं आहे, ते क्लासचालकांकडे नाही, शाळांकडे आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या शाळांत आठवीपासून आठवड्यातला एक तास फक्त इंग्रजी बोलण्यासाठी ठेवावा. पुस्तक नको, फळा नको. दोघांनी बोलायचं, तिसऱ्याने ऐकून काय कळलं ते सांगायचं, विषय घरचे, खाडीचे, लोकलचे, दुकानाचे. आणि दहावीची वीस गुणांची तोंडी परीक्षा आपल्याच शिक्षकांनी न घेता शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांनी घ्यावी, म्हणजे पंधराव्या वर्षीच एकदा अनोळखी माणसासमोर बसून बोलून होईल आणि गुणांनाही अर्थ येईल. कोलशेतचे शिक्षक ढोकाळीला जातील, ढोकाळीचे बाळकुमला. रिक्षाने ही अंतरं दहा मिनिटांची आहेत.